कोड्यात नसलेला शब्द

"चार अक्षरी आहे," चष्मेवाले अक्कोळे पेन्सिलीचं टोक जिभेला लावत म्हणाले. "गावाबाहेरचं गुऱ्हाळ. कुणाच्या नावाचं?"

"बयाबाई!" गुंडा ताडकन म्हणाला. "ब, या, बा, ई. बयाबाईचं गुऱ्हाळ."

अक्कोळ्यांनी चौकोनांत अक्षरं भरली आणि गुंडाच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली. भाऊसोंच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या तिघांत आज पहिली गोळी त्याची होती. बारा वर्षांच्या अंबूला धाकट्या भावाचा जरा हेवाच वाटला. तिसरा सिद्धू. तो आटपाडीकडचा. उन्हाळ्यात त्याचा मामा मेंढरं घेऊन या बाजूला उतरायचा आणि सुट्टीत सिद्धूही त्याच्याबरोबर यायचा.

साल त्रेचाळीसचं होतं, महिना मे. गावात वर्तमानपत्राची एकच प्रत यायची, तीही दुपारच्या मोटारीने. आठ दिवसांपूर्वी अक्कोळे चष्म्यांची पेटी घेऊन आले आणि देवळाच्या ओवरीत उतरले, तेव्हापासून ती प्रत आधी त्यांच्या हातात पडू लागली. शब्दकोडं बक्षिसासाठी पाठवायचं म्हणून ते कात्रीने कापून घेत, अडलेले शब्द मुलांना विचारत आणि परतीच्या मोटारीने पाकीट धाडत. मुलं तयारच होती. कोडी सोडवायला त्यांना आकाराम गुरुजींनी शिकवलं होतं.

ते गुरुजी आता शाळेत नव्हते. गेल्या ऑगस्टात नोकरी सोडून ते चळवळीत उतरले होते. त्यांच्यावर वॉरंट होतं आणि कधी या रानात, कधी त्या वस्तीवर ते लपून राहत. मोठी माणसं याबद्दल पोरांसमोर बोलत नसत. पण आई भाकरी बांधून कुणाकडे पोचवते, हे अंबूला न सांगता कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत पोलिसांची लॉरी आली. बारा हत्यारी पोलीस तडक बयाबाईच्या गुऱ्हाळावर गेले. काहील पालथी केली, चिपाडांच्या गंजीत संगिनी खुपसल्या. तिथे कुणी नव्हतं. गुरुजींनी आदल्या संध्याकाळीच जागा बदलली होती. मग पोलिसांनी म्हाताऱ्या राखणदाराला, नाथाजीला, चावडीपुढे आणलं आणि दिवसभर उन्हात उभं केलं. नाथाजीने तोंड उघडलं नाही. संध्याकाळी तो जमिनीवर कोसळला, तेव्हा त्याला घरी जाऊ दिलं.

गुऱ्हाळाचं नाव पोलिसांना सांगितलं कुणी, याचीच कुजबुज घराघरांत चालली होती. अंबू ती ऐकत होती आणि चौकोनांत भरलेली अक्षरं तिला आठवत होती. वर्तमानपत्र छापतात पुण्याला. पुण्याच्या माणसाला बयाबाई कशी ठाऊक?

ती गुंडाला काही बोलली नाही. सिद्धूला मात्र तिने सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "तासगावात वाचनालय हाय. तितं त्योच पेपर येतो. बघून येऊ."

तासगाव तीन कोस. सकाळी निघून दोघं ऊन चढायच्या आत पोचले. वाचनालयातल्या माणसाने त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. पण कोडं उतरवून घ्यायचं म्हटल्यावर त्याने परवाचा अंक काढून दिला. अंबूने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. आडवे शब्द वाचले, उभे वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. समुद्र होता, कमळ होतं, हरणाचं पाडस होतं. गुऱ्हाळ कुठेच नव्हतं.

ते कोडं तिने वहीत उतरवून घेतलं. 

गावात परतल्यावर दोघं थेट भाऊसोंकडे गेले. भाऊसो दुकानदार मनाने चांगले, पण त्यांना सगळ्याच माणसांचा विश्वास वाटायचा. ऐकता ऐकता ते हसायला लागले. चष्मेवाल्याने गुरुजींच्या आईला, साळूबाईला, फुकट चष्मा दिला होता. म्हातारी दोन वर्षांनी सुईत दोरा ओवू लागली होती. असला माणूस पोलिसांचा कसा असेल? पोरांनी उन्हात फिरू नये, असं सांगून त्यांनी दोघांना वाटेला लावलं.

"आता?" सिद्धूने विचारलं.

अंबूचा राग डोळ्यांत आला होता. तो पुसून ती म्हणाली, "आता त्यो पुन्ना इचारंल. इचारू दे."

त्याच दुपारी अक्कोळ्यांनी विचारलं. कागदावर हात आडवा धरून ते म्हणाले, "हे फार अडलंय बघा. रात्री लपून निजायला बरी अशी गावाबाहेरची जागा."

गुंडाने तोंड उघडलं. माळावरच्या कोरड्या विहिरीत, आतल्या कपारीत, परवापासून कुणीतरी राहतं, हे त्याच्याही कानावर आलं होतं. अंबूने त्याच्या पायावर पाय दाबला. 

"बेलबन," ती म्हणाली. "वड्याच्या वरल्या अंगाला हाय. तितं दिवसाबी कोन जात न्हाई."

"बेलबन. चार अक्षरी," अक्कोळे म्हणाले. "बसतंय की." आणि गोळी अंबूला मिळाली. ती तिने मुठीत तशीच धरून ठेवली.

नंतर घराच्या मागे नेऊन तिने गुंडाला सगळं सांगितलं. नाथाजीला उन्हात कुणामुळे उभं राहावं लागलं, हे ऐकल्यावर गुंडाचा चेहरा पांढरा पडला. तो रडला नाही. संध्याकाळी जेवलाही नाही.

अंबू पुन्हा भाऊसोंकडे गेली. या वेळी तिने वाद घातला नाही, एवढंच सांगितलं, "आवं मामा, बेलबनाचं नाव म्या फकस्त चष्मेवाल्याला सांगितलंय. आन् आता तुमाला. उद्या लॉरी कुटं जाती, तेवढं बगा."

सकाळी लॉरी आली. दुकानाच्या माळवदावर भाऊसो आणि तिन्ही मुलं पालथी पडून बघत होती. फाट्यावर लॉरी थांबली. उजवीकडे माळ आणि कोरडी विहीर, डावीकडे बेलबन. पुढे बसलेला फौजदार खाली उतरला आणि कागद काढून बघू लागला.  फौजदार पुन्हा चढला आणि लॉरी डावीकडे वळली.

भाऊसोंच्या कपाळावर घाम आला. "आरं देवा," ते पुटपुटले. "आन् म्या त्येला रोज च्या पाजतोय."

पण सुटका झाली नव्हती. बेलबनात काही सापडलं नाही, की पोलीस सगळी शिवारं धुंडाळणार. विहीर किती वेळ त्यांच्या नजरेतून सुटणार? गुरुजींना आत्ताच बाहेर काढायला हवं होतं, तेही दिवसाढवळ्या. ओढ्यापलीकडे सांगली संस्थानाची हद्द सुरू होई. तिथे लॉरीतले हे इंग्रज सरकारचे पोलीस सहजी शिरू शकत नसत. मात्र ओढ्याच्या उताराकडे जाणारी वाट दुकानासमोरून जायची, आणि दुकानाच्या पायरीवर अक्कोळे येऊन बसायची वेळ झाली होती.

सिद्धू उठला. "मामाची मेंढरं आज हालणारच हायती," तो म्हणाला. "एक धनगर जादा झाला, तर कोन मोजतंय?" आणि माळवदावरून उतरून तो माळाच्या दिशेने पळत सुटला.

अक्कोळे आले. त्यांची नजर सारखी बेलबनाकडे जात होती. अंबू वही घेऊन त्यांच्यासमोर अशी बसली, की त्यांची पाठ वाटेकडे झाली.

"आज आमाला मदत करा," ती म्हणाली. "तुमी रोज आमाला इचारता. समुद्र, चार अक्षरी."

"सागर," अक्कोळे तुटकपणे म्हणाले.

"ती तीनच झाली. आन् शेवटचं अक्षर र हाय."

लांबून घंटांचा आवाज येऊ लागला. मेंढरांची धूळ वाटेवर चढली. अक्कोळ्यांना रत्नाकर सुचला नाही. मग अंबूने कमळ विचारलं, हरणाचं पाडस विचारलं. रोज कोडं सोडवणाऱ्या त्या माणसाला एकही शब्द येईना. घंटा जवळ आल्या. कळप अगदी पाठीमागून जाऊ लागला. पुढे सिद्धूचा मामा, कडेला सिद्धू, आणि मधोमध घोंगडं पांघरलेला, पटका डोळ्यांवर ओढलेला एक उंच माणूस. चालण्याची ती ढब अंबूने ओळखली आणि नजर झटकन वहीत घातली.

इतक्यात कुत्रा भुंकला. अक्कोळे मान वळवू लागले.

खळ्ळकन आवाज झाला. गुंडाने पेटीला लाथ मारली होती. चाळीस चष्मे पायरीवरून घरंगळत मातीत गेले. "चुकून लागला पाय," असं म्हणत तो रांगत त्यांच्यातून आणखीच मागे-पुढे करू लागला. अक्कोळे शिव्या देत वाकले आणि एकेक काच उचलू लागले. ते सरळ झाले, तेव्हा वाटेवर धूळ तेवढी उरली होती. शेवटची मेंढरं ओढ्याच्या पाण्यात शिरत होती.

अंबूने ती पार जाईपर्यंत वाट बघितली. मग वही मिटली.

"आनि एक शब्द हाय," ती म्हणाली. "तीन अक्षरी. आपल्या मानसास्नी पोलिसांच्या हाती देनारा."

 अक्कोळ्यांच्या हातातला चष्मा खाली पडला.

"फितूर," अंबू म्हणाली. "ह्यो पुण्याच्या कोड्यात न्हाई. तुमी घालत हुता, तसा म्या घातला."

भाऊसो दुकानाच्या दारात उभे होते. त्यांच्यामागे अंबूची आई चंद्राबाई, साळूबाई आणि आणखी चारपाच माणसं जमली होती. कुणी हात उचलला नाही. भाऊसोंनी एवढंच सांगितलं, की दुपारची मोटार गाठा आणि या वाटेला पुन्हा येऊ नका. अक्कोळ्यांनी पेटी उचलली. मोटार येईपर्यंत त्यांना गावात कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

दोन दिवसांनी सिद्धू निरोप घेऊन आला. गुरुजी सुखरूप होते. पोरांची करामत ऐकून ते कितीतरी वेळ हसत बसले होते, आणि मग घोंगड्याने डोळे पुसत होते. साळूबाईने तिघांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. भाऊसो येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणत होते, "आमी म्हातारी डोळं असून आंधळी. पोरांनी गाव राखलं."

गुंडा मात्र या कौतुकात थांबला नाही. तो एकटाच नाथाजीच्या खोपटाकडे गेला. अंबू थोडं अंतर ठेवून मागे गेली आणि कुंपणाशी थांबली.

नाथाजी बाजेवर पडून होता. गुंडाने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. नाव आपण सांगितलं, गोळीसाठी सांगितलं, हेही.

म्हातारा उठून बसला. "मला त्येंनी दिसभर इचारलं, म्या सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "तुला गोड बोलून इचारलं, तू फसलास. पर दुसऱ्या डावाला तू त्येची पेटी उधळलीस न्हवं? मग झालं तर, गड्या. हितं बस."

त्याने बाजेवर जागा करून दिली. गुंडा बसला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने रडला.