टोपलीमागची फळी

चेंडू टोपलीत पडणारच होता! ऑर्विलनं तो इतका अलगद फेकला होता की अख्खी व्यायामशाळा श्वास रोखून वर बघत राहिली... आणि तेवढ्यात सज्जातून एक निळी छत्री बाहेर आली नि तिनं चेंडूला सणसणीत टोला हाणला.

बास्केटबॉल तेव्हा नुकताच निघाला होता, आणि त्याच्या बुडाच्या टोपल्या सज्जाच्या कठड्यालाच टांगलेल्या असत; त्यामुळे सज्जातून चेंडूला हात लावणं काही नवं नव्हतं. आपल्या कॉलेजचा चेंडू आत ढकलायचा, पाहुण्यांचा बाहेर उडवायचा, हे सगळेच हक्कानं करत. पण मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे छत्रीवालीच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. राहणार कसं? ती मघापासून ऑर्विलच्या कपाळावरची ओली बट बघत होती. चेंडू समोर आला, तिनं सवयीनं हाणला.

सामना तेवढ्यानंच हातचा गेला. टोपलीतला चेंडू काढायला ठेवलेली शिडी ऑर्विलनं थेट सज्जाला लावली आणि तो तरातरा वर चढला.

“छत्री कुणाची?”

“माझी,” लेटी हॅमंड उठून उभी राहिली. “मला वाटलं, त्यांचा चेंडू आहे.”

“म्हणजे मी त्यांच्यातला वाटलो?”

“तुम्ही नाही हो! तुम्ही तर...” ती अडखळली.

“मी तर काय?”

लेटीचे कान लालबुंद झाले. ऑर्विल रागवायला आला होता, पण आता त्याला हसू आवरेना.

प्राचार्य मात्र हसले नाहीत. पुढच्या सामन्याला सज्जात एकही मुलगी दिसता कामा नये, असं त्यांनी बजावलं. आणि पुढचा सामना म्हणजे ऑर्विलचा कॉलेजातला शेवटचा! त्यानंतर तो दूर डाकोटात, वडिलांच्या शेतावर निघून जाणार होता. आपल्याला तो सामना बघायला मिळणार नाही, या विचारानं लेटीला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला बर्फातच गाठलं.

“टोपलीच्या मागं मोठी फळी ठोकली तर? छत्री पोचायचीच नाही. मग कशाला बंदी?”

“ठोकणार कोण?”

“तुम्ही. मी खिळे धरीन.”

“माझ्या हातोडीखाली बोटं द्याल? एवढा भरवसा?”

“नेम चांगला आहे तुमचा... कुणी छत्री मारली नाही तर.”

प्राचार्यांनी कुरकुरत होकार दिला. मग काय, कॉलेजच्या सुतारशाळेत रोज संध्याकाळी करवत चालू लागली. म्हातारे शिपाई गुंडरसन राखणीला म्हणून शेगडीपाशी बसत आणि लगेच घोरू लागत. लेटीच्या केसांत भुसा अडकायचा, ऑर्विल तो काढायचा, आणि काढून झाला तरी हात जरा रेंगाळायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. डाकोटाचं नाव मात्र कुणीच काढेना.

सामन्याच्या दिवशी सज्जा पोरींनी गच्च भरला. छत्र्या दाराशीच काढून घेतल्या होत्या. लेटी नेमकी टोपलीच्या वर बसली, आणि तेव्हा तिला कळलं... फळीमुळे टोपलीजवळचं काहीच दिसत नव्हतं! स्वतःच्याच हातांनी तिनं भिंत उभी केली होती. तिला रडूच कोसळायचं राहिलं.

दोन्ही संघ बरोबरीत. शेवटची काही मिनिटं. ऑर्विल धावत आला, फळीखाली दिसेनासा झाला. धाडकन चेंडू फळीवर आदळला... आणि आत! व्यायामशाळा दणाणून गेली. लेटी कुणाच्या तरी गळ्यात पडून ओरडत होती.

गुंडरसन शिडी घेऊन निघाले. ऑर्विलनं ती त्यांच्याकडून ओढूनच घेतली. लेटीला फळीपलीकडून शिडी करकरलेली ऐकू आली. मग टकटक.

“लेटी? आहेस ना?”

“जाणार कुठं?”

“डाकोटात हिवाळा फार लांबतो गं...”

“मग?”

“मला एकट्याला काढवणार नाही. तू येशील? माझी होऊन?”

पंचांची शिट्टी ओठांतच राहिली. लेटीनं फळीला दोन्ही तळवे टेकवले.

“कॉलेज संपल्यावर येईन,” ती म्हणाली. “थांबशील?”

“थांबेन!” ऑर्विल ओरडला आणि धडाधड शिडी उतरला.

“अरे बाबा, चेंडू!” पंच कळवळून म्हणाले. “चेंडू कोण काढणार?”

सगळे खो खो हसत सुटले. ऑर्विल लाजून पुन्हा वर चढला. या वेळी लेटी बाकावर चढून, फळीवरून ओणवी होऊन त्याची वाटच बघत होती.