छत्री आणि काचेची तार

२०११ चा श्रावण. राजारामपुरीतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर निशा पोचली, तर तिच्या फायबरच्या यंत्रपेटीची जागा एका डिशच्या छत्रीनं अडवलेली! शेजारी पाना घेऊन बसलेला एक उंच तरुण.

"ओ पावणं, ही छत्री जरा सरकवा की!"

त्यानं वळून पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"सरकवली तर उपग्रह चुकंल, मॅडम."

"चुकू दे. आमचं चित्र जमिनीखालनं येतं. काचेच्या तारेतनं. एचडी!"

"आमचंबी एचडीच हाय. खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतोय बघा."

"आणि ढग आले की?"

"ढग काय, येत्यात अन् जात्यात. रस्ता खोदला अन् तुमची तार तुटली, की मग?"

निशाला हसू आवरेना. त्यालाही.

तो शशिधर, जयसिंगपूरचा. डिश कंपनीचा विक्रेता. ती फायबर कंपनीची इंजिनिअर. दोघांनाही ही सोसायटी हवी होती. सेक्रेटरी शालूबाईंनी तोड काढली – रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये दोन सारखे टीव्ही, एकच फुटबॉलचा सामना. ज्याचं चित्र टिकेल, त्याची जोडणी घरोघरी.

रविवारपर्यंत दोघं रोज भेटली... भांडायला. कोपऱ्यावरच्या टपरीत चहा निवून जायचा, तरी भांडण संपायचं नाही.

"तुमच्यापेक्षा आमची एचडी चॅनेल जास्त हायत."

"मान्य. पण आमचं चित्र थांबत नाही."

एकदा ती सहज बोलून गेली, "ही सोसायटी गेली तर आमचं इथलं ऑफिस बंद. मला पुण्याला जावं लागेल."

त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"पुणं... लांब हाय की."

"चार-पाच तास."

"लांबच की," तो हळूच म्हणाला. त्या संध्याकाळी तो पुन्हा भांडलाच नाही.

रविवारी पार्किंग गच्च भरलं. निशाचे बाबा, धम्मपाल मास्तरही मागच्या खुर्चीत बसले होते. आणि सामन्याआधीच निशाचा पडदा काळा! ती घाबरून तारेचा माग काढत धावली. गल्लीच्या तोंडाला नळासाठी खड्डा खणलेला, आणि तार मधोमध तुटलेली. तिनं पिशवीतनं जोडणीचं यंत्र काढलं, तोच पावसाची सर आली. पाण्याचा एक थेंब आत गेला असता, तरी जोड बसला नसता.

अचानक पाऊस लागेनासा झाला. तिनं वर पाहिलं. डोक्यावर ताणून धरलेला रेनकोट... आणि स्वतः चिंब भिजलेला शशिधर.

"तुम्ही? हे बंद राहिलं तर तुम्हीच जिंकाल..."

"आधी तार जोड, निशा."

त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली. तिनं तारेची टोकं जुळवली – जोड पक्का बसला.

दोघं धावत परतली. सामना रंगला होता. पावसानं जोर धरला, आणि शशिधरच्या पडद्यावर खेळाडूंचे चौकोनी तुकडे झाले. मग नुसती निळाई. निशाच्या पडद्यावर मात्र चेंडू सरळ जाळीत गेला! सगळं पार्किंग ओरडलं. शालूबाईंनी शिट्टी मारली. सोसायटी निशाची!

तिनं शशिधरला खांबाआड गाठलं.

"मला का जिंकवलंस?"

"पाऊस मी न्हाय पाडला. खरी लढत हुती, तू जिंकलीस. पण तार तुटली म्हणून तू पुण्याला गेली असतीस तर... मला नसतं चाललं." त्यानं श्वास घेतला. "मला तू आवडतीस, निशा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आम्ही बौद्ध, तुम्ही लिंगायत. घरात आईला काय सांगशील?"

"सांगितलंय की. अव्वा दोन दिवस बोलली न्हाय. आज सकाळी म्हणाली – पोरगी व्हय म्हणत असंल, तर मी मागणी घालाय येते."

निशानं डोळे पुसले. मग तिनं त्याचा हात धरला आणि सगळ्या गर्दीतनं त्याला थेट बाबांसमोर नेलं.

"बाबा, हा शशिधर. मला ह्याच्याशी लग्न करायचंय. ह्याच्या अव्वा मागणी घालायला येणार आहेत."

धम्मपाल मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तू ठरवलंयस?"

"हो, बाबा."

मास्तर उठले. त्यांनी शशिधरच्या खांद्यावर हात ठेवला. "मग अव्वांना उद्या येऊ द्या. आज तुम्ही आमच्याकडं जेवायला चला, पावणं."

"व्हय... चलतो की!" शशिधर इतक्या जोरात म्हणाला, की पुढचा गोल कुणी पाहिलाच नाही. निशानंसुद्धा.