बाहुलीचे गार पाय

शेवटच्या वळणावर बाहुली कोसळली आणि गर्दीतून एकच आरोळी उठली. घोडीभोवती पडदा धरला गेला. गर्दी लगेच पुढच्या शर्यतीचे घोडे निवडायला वळली. पडद्याआड घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला कायमचं झोपवणारी सुई टोचली. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली काडीसारखा मोडला होता. त्याला इलाज नसतो.

"जॉकीने मारून मारून मोडली," ट्रेनर म्हणाला. "संध्याकाळी पंच बसतायत. त्याचं लायसन गेलंच म्हणून समजा."

डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या अंगावरून हात फिरवला. चाबकाचा एक वळ नव्हता. मोडलेल्या हाडात मात्र जुनी भेग दिसत होती. म्हणजे दुखणं आधीचं. दुखरा पाय गरम लागतो. पण सकाळी त्यांनी स्वतः चाचपला, तेव्हा पाय गार होता. पुढचे दोन्ही गार होते.

मग त्यांनी खूर पाहिले. मैदान कोरडं, मागचे खूर कोरडे, पुढचे दोन्ही भिजून मऊ.

ठाणात मोतद्दार पेंढा झाडत होता. जॉकीचा बाप तो. बाहुलीला शिंगरू असल्यापासून त्यानेच वाढवलेलं.

"काका, पेंढा ओला कसा?"

"मुतली असेल, बाई."

"गव्हाणीसमोर? घोडी मागे मुतते ना?"

"मग पाण्याची बादली लवंडली असेल," म्हणून त्याने पाठ फिरवली.

दवाखान्यात जॉकी खांदा बांधून पडला होता.

"चाबूक किती ओढलास?"

"उचललासुद्धा नाही. बाबा म्हणाले होते, पोरीला सांभाळून आण."

"नेहमी सांगतात?"

"बाबा? ते घोडीशी बोलतात हो, माझ्याशी कुठे!" तो हसला आणि कळ येऊन कण्हला.

डॉक्टरीणबाईंनी ट्रेनर आणि मोतद्दार, दोघांनाही त्या खाटेपाशीच बोलावलं.

"दुखरा पाय कुणीतरी बर्फाच्या पाण्यात ठेवला. एकच गार लागला असता तर मला संशय आला असता. म्हणून दोन्ही ठेवले. शर्यतीच्या सकाळी मी मागच्या पायांना हात लावत नाही, हे इथल्याच माणसाला ठाऊक. मी फसले."

"माझ्याकडे काय बघता?" ट्रेनर उसळला.

"तुम्ही नव्हे. तुम्ही ठाणात शिरत नाही, बूट खराब होतात. आणि बाहुलीने परक्याला पाय धरू दिला असता? बोटं तोडली असती. एकाच माणसासाठी ती बादलीत उभी राहिली असती. पाय दुखतोय हे ज्याला माहीत होतं, तोच म्हणाला, सांभाळून आण."

मोतद्दार मुलाकडे न बघता बोलला.

"मालक म्हणाले होते, आज पळाली नाही तर खाटकाकडे धाडतो. मी काय करणार होतो, बाई?"

"दर आठवड्याला पळवलीत तिला," बाई ट्रेनरवर कडाडल्या. "हाड पळूनच घट्ट होतं, पण तो मार पचवायला त्याला सवड लागते. सवड नाही दिली तर भेग बुजत नाही, वाढते. हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"मालकांची इच्छा."

"मालकाला घोडी नको होती, पंखा हवा होता. बटण दाबलं की फिरायला!"

ट्रेनर निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. पंचांच्या नियमांत बर्फाला शिक्षा आहे, घाईला नाही. आता लायसन मुलाचं वाचणार होतं आणि हाकलला जाणार होता बाप.

मुलगा छताकडे बघत होता.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"तू बसला नसतास. दुसरा बसला असता, त्याने चाबूक ओढला असता. तुझा हात हलका आहे."

"आणि मी मेलो असतो तर?"

 एवढा विचार बापाने केलाच नव्हता.