ऐन सत्कारात गेलेली लाइन

फोन आला तेव्हा आत्याबाई दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसल्या होत्या. मदतनीस मुलीने तो त्यांच्या कानाला लावला.

"संघाच्या अब्रूचा प्रश्न आहे. येताय ना?" पलीकडून दूरसंचार अभियंते व सल्लागार संघाचे अध्यक्ष बोलत होते.

"आँ," आत्याबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी तो होकार धरला. संघाचे बरेच ठराव याहून मोघम होकारांवर मंजूर झाले होते.

आत्याबाईंची नोकरी बिनतारी खात्यात गेली. कुठे रेडिओत खरखर आली की गाडीवर अँटेना लावून गल्लोगल्ली फिरायचं आणि ती कोण करतंय ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर खरखर करणारी माणसं एकाच छताखाली मिळावीत, म्हणून त्या संघात येऊ लागल्या.

सुजलेला गाल सांभाळत त्या संघाच्या इमारतीत पोचल्या. अध्यक्ष दारातच उभे होते.

सकाळी सुवर्णपदकाचा समारंभ होता. सत्कारमूर्तींनी आयुष्यभर जमिनीखालून काचतंतूच्या केबल टाकल्या होत्या. पदकानंतर थेट प्रात्यक्षिक ठरलं होतं. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, याच धंद्यातली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या त्यांच्या कार्यशाळेत बसून ती तुटलेला तंतू जोडणार आणि सभागृहाने ते पडद्यावर पाहायचं. पण प्रात्यक्षिक सुरू होण्याआधीच लाइन गेली.

"पडदा काळा कधी झाला?"

"माझ्या प्रास्ताविकात कधीतरी."

"कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"लोक बाहेर होते," अध्यक्ष खिन्नपणे म्हणाले. "माझं प्रास्ताविक सुरू झालं की जातात. सत्कारमूर्तीसुद्धा हात धुऊन आले."

"संशय कोणावर?"

"संशय कसला, मनोरे."

हे आडनाव नव्हे. हे गृहस्थ डोंगरांवर मनोरे उभारून बिनतारी जाळी बसवत, आणि उंचीही तशीच. सत्कारमूर्तींवर ते जळतात हे संघात सर्वांना ठाऊक होतं. त्यांनी ते कधी लपवलंही नव्हतं. मंचामागच्या यंत्रखोलीतून बाहेर पडताना त्यांना चौघांनी पाहिलं होतं. संध्याकाळच्या सभेत त्यांना काढून टाकण्याचा ठराव येणार होता. संघातून नाव गेलं की सल्लागाराला कोणी काम देत नाही. मग घरी बसून गच्चीवरची डिश फिरवायची.

यंत्रखोलीत धूळ इतकी, की कपाटावर बोटाने पत्र लिहिता आलं असतं. कडीला नवं कुलूप होतं.

"कोणी हात लावलाय?"

"छे. वायर निघालेली दिसली आणि मी कुलूप घातलं."

जोडवायर यंत्रातून काढलेली होती. तिचा ऐसपैस वळसा करून तो खुंटीला अडकवला होता. टोकावर प्लास्टिकची इवलीशी टोपी होती. यंत्राच्या भोकातही तसंच बूच. आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"तुम्हाला हे जोडता येतं?"

"मला? मी कॉलचे दर ठरवणारा माणूस. घरचा टीव्हीसुद्धा मुलगी लावून देते."

"आणि कार्यक्रमाचं काय झालं?"

"सत्कारमूर्तींनी तारून नेला हो. वहिनींच्या वेळेत स्वतः उभे राहिले. आकृत्या, छायाचित्रं, सगळं एकामागून एक. एकदा अडखळले नाहीत."

मनोरे कोपऱ्यातल्या खोलीत बसले होते. इतकं लक्ष त्यांच्याकडे कधी कोणी दिलं नव्हतं.

"यंत्रखोलीत कशाला गेला होतात?"

"जळायला."

"सविस्तर सांगा."

"हा माणूस खड्डे खणतो आणि पदकं घेतो. मी आयुष्यभर वाऱ्यात लटकलो, मला साधं मानपत्र नाही. म्हटलं, याच्या जोडणीत एक तरी चूक सापडेल."

"सापडली?"

"नाही. म्हणून तर वेळ लागला."

"वायर जागेवर होती?"

"जागेवर होती आणि सुंदर होती. तेच तर झोंबलं."

सत्कारमूर्ती पदक गळ्यात घालूनच आले. आवाजात क्षमा ओथंबत होती.

"माझा त्यांच्यावर राग नाही, आत्याबाई. मोठ्या मनाने माफ करा त्यांना. पण काढा."

"यंत्रखोलीतली जोडणी कोणाची?"

"माझी. दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही."

"रंगीत तालीम झाली होती?"

"अप्रतिम झाली," अध्यक्ष मध्येच बोलले. "वहिनींनी तंतू जोडला आणि सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. प्रश्न संपेनात लोकांचे."

सत्कारमूर्तींनी टाय सरळ केला. "प्रकाशयोजना चांगली होती."

आत्याबाईंनी सर्वांना समितीच्या खोलीत बोलावलं. कार्यशाळेतून वहिनीही आल्या होत्या. टेबलावर प्रात्यक्षिकाचं जादा यंत्र वायर जोडून ठेवलं होतं.

"मनोरे, ती वायर काढून परत लावा बघू."

मनोरेंनी वायर खसकन ओढली, टोकावर तोंडाने जोरात फुंकर मारली आणि ती टेबलक्लॉथवर टाकली.

"अहो, काय करताय." सत्कारमूर्ती ताडकन उठले. त्यांनी वायर उचलली, खिशातून कापड काढून टोक पुसलं, दुसऱ्या खिशातून टोपी काढून त्यावर बसवली, भोकात बूच घातलं, वायरचा अलगद मोठा वळसा केला आणि अडकवायला खुंटी शोधू लागले.

मग त्यांना खोली फारच शांत वाटली.

"बसा," आत्याबाई म्हणाल्या. "काचेचा तंतू केसासारखा. टोकावर धुळीचा कण बसला तरी प्रकाश अडतो, वळसा लहान झाला तरी अडतो. म्हणून तुम्ही मंडळी वायर काढली की आधी तिचं तोंड झाकता. झोपेत काढली तरी झाकाल. नासधूस करायला आलेला माणूस वायर उपटून पळतो. सकाळचा माणूस थांबला, दोन्ही तोंडं झाकली, वायर खुंटीला लावली. असे लाड दुष्मन करत नाही."

"काचतंतूवाले संघात पुष्कळ आहेत," सत्कारमूर्ती म्हणाले.

"आहेत. पण प्रास्ताविकात हात धुवायला म्हणून तुम्ही बाहेर होतात, जोडणी करताना काढलेल्या टोप्या तुमच्याच खिशात होत्या, अजूनही आहेत. आणि मनोरे गेले तेव्हा वायर जागेवर होती."

"त्यांच्या शब्दावर विश्वास?"

"मत्सरी माणूस दुसऱ्याचं खोटं कौतुक करत नाही. त्याला खरं कौतुकच जड जातं. शिवाय तुमचं भाषण. अचानक आलेल्या संकटासाठी आकृत्या कोणी आधी काढून ठेवत नाही."

अध्यक्ष गोंधळले. "पण स्वतःच्याच सत्कारात कोणी..."

"सत्कार त्यांचा होता. टाळ्या दुसरीकडे जाणार होत्या."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "मी तालमीत असं काय केलं हो?"

सत्कारमूर्ती पदकाशी चाळा करत राहिले. "तुला प्रश्न विचारले सगळ्यांनी. मला एकच विचारला. वहिनी आणखी काय काय करतात."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"चहा चांगला करते म्हटलं."

अध्यक्षांनी हकालपट्टीचा ठराव घडी करून खिशात घातला. "पदकाचं काय करायचं?"

"राहू द्या त्यांच्याकडे," आत्याबाई म्हणाल्या. "घरी रोज दोघांच्या डोळ्यांसमोर राहील."

"मला सदस्य व्हायचंय," वहिनी म्हणाल्या. "दर वर्षी हे म्हणतात, एका घरात एक पुरे."

"सूचक लागेल," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा सवयीने सत्कारमूर्तींकडे वळल्या. ते छताकडे बघत होते.

मनोरेंचा चेहरा मात्र उतरला होता. निर्दोष ठरलेला माणूस असा दिसत नाही.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"इतकी वर्षं मी याच्यावर जळतोय. वाटायचं, हाही मनातून माझा हेवा करत असेल. आणि हा गडी घरातल्या घरात जळत होता. मी त्याच्या खिजगणतीतच नाही."

 मग ते उठले, खिशातून पेन काढलं आणि वहिनींसमोर येऊन उभे राहिले.

"अर्ज आणा. सूचक मी."

वहिनींनी अर्ज पुढे केला. मनोरेंनी, टेबलाच्या पलीकडूनही वाचता यावी, अशी ऐसपैस सही केली.

सत्कारमूर्तींची मान वळली. त्यांनी आधी सहीकडे पाहिलं, मग टाळ्या वाजवणाऱ्या अध्यक्षांकडे आणि शेवटी मनोरेंकडे, थेट, डोळे बारीक करून. ती नजर मनोरेंच्या चांगली ओळखीची होती. त्यांचा चेहरा उजळला.