कंगवा आहे, दोरी आहे

आमच्या घरापर्यंत गाडी येत नाही. स्टेशनापासून डोंगर चढत दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि कुरिअरवाला सोडला तर त्या कोणी कामासाठी चढत नाही. त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या भुरभुर पावसाच्या दुपारी दार उघडलं आणि समोर काळ्या सुटातला एक तरुण धापा टाकताना दिसला, तेव्हा मला वाटलं, याचा पत्ता चुकला.

"होसोदासान... ना?" आमच्या आडनावाला आदराचा 'सान' जोडत त्यानं विचारलं. "मी... काजिता. कंगव्याचे... काजिता."

एवढं बोलून तो उंबऱ्याशीच गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं.

आदल्या दिवशी फोनवर मी याच माणसाची खरडपट्टी काढली होती.

त्याचं असं झालं. वर्षभर आईचे उपचार चालले होते. औषधांनी तिचे केस गेले आणि उन्हाळ्यानंतर हळूहळू परत यायला लागले. आधी नुसती लव, मग पेरभर. "कंगवा अडकेल इतके झाले की मी बरी झाले, असं समजायचं," हे आईनंच ठरवून टाकलं होतं. म्हणून तिच्या साठाव्या वाढदिवसाला मी किसोच्या डोंगरातल्या एका जुन्या कारागिराकडून हातानं घडवलेला लाकडी कंगवा मागवला. वाढदिवसाच्या सकाळी आईनं साठीची लाल बंडी घातली आणि डबी मांडीवर घेतली. पांढुरक्या हलक्या लाकडाची डबी, वर जांभळ्या दोरीची गाठ. गाठ इतकी सुबक होती की ती सोडायला आईचा हात धजेना. शेवटी सोडली. आत कागदाची घडी, त्या घडीत आणखी एक घडी, आणि त्यात काहीच नव्हतं.

आई आधी हसली. मग "भात लावायचाय" म्हणून उठली, आणि स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला.

मला इतका राग कधीच आला नव्हता. फोनवर मी काय काय बोलले ते आता आठवायचीही लाज वाटते. पलीकडच्या माणसानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या येतो." मला वाटलं, नवा कंगवा टपालानं येईल. मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला येतात ती मोठ्या दुकानांची माणसं. बाप-लेकाच्या कारखान्यातून पाच तासांचा प्रवास करून कोण येणार?

"वर बघा हो," आई आतून आली. "माझ्या डोक्यावर धड केस नाहीत म्हणून तुम्ही तुमचं डोकं आपटायला नको."

त्यानं मान वर केली. ओले केस कपाळाला चिकटलेले, कपाळावर पायपुसण्याची नक्षी उठलेली. मी ओठ आवळून हसू दाबलं. त्यानं ते पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

दोन्ही हातांनी त्यानं आईपुढे कंगवा धरला. आईनं तो तिथेच, उभ्या उभ्या, केसांतून फिरवला. "अडकला," ती म्हणाली. "जरासा अडकला. सायो, पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हटलं. माझा आवाज नीट निघाला नाही. तो मात्र एकदम दुसरीकडे, छत्र्यांच्या कोपऱ्याकडे बघत राहिला, आणि त्याबद्दल मला तो आवडला.

आई चहा करायला आत गेली. तो सोबत आणलेल्या चेस्टनटच्या मिठाईच्या डब्याशी चाळा करत बसला. मग त्यानं हळूच विचारलं, "डबीत एक पोस्टकार्ड होतं... ते आहे का?"

होतं. कागदाच्या घडीवरच ठेवलेलं; गिऱ्हाइकानं दोन ओळी लिहून परत पाठवायचं असतं ते.

"माझे बाबा प्रत्येक कार्ड वाचतात. भिंतीवर लावतात." त्यानं मिठाईचा डबा बाजूला सारला. "डब्या ते भरतात. पूर्वी माझी आई भरायची. ती गेल्यापासून त्या दोरीला ते दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाहीत. कंगवा करताना त्यांचा एक दातही चुकत नाही हो. पण डबी भरताना... ही तिसरी. जूनपासून तिसरी रिकामी डबी."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. आधीच्या दोघांकडे मी असाच गेलो होतो. त्यांनी लिहिलं, कंगवा मिळाला, छान आहे." त्यानं पुन्हा मान खाली घातली. "तुम्हीही... तेवढंच लिहाल का? कळलं तर ते करवत खाली ठेवतील. मग त्यांच्याजवळ काहीच उरणार नाही."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

त्याला सोडायला मी स्टेशनावर गेले, कारण त्यानं छत्री आणली नव्हती. नाव शुहेई, हे त्यानं साधारण ऐंशीव्या पायरीवर सांगितलं.

"दोनशे सतरा आहेत," तो म्हणाला. "चढताना मोजल्या. दीडशेला वाटलं, माफी इथूनच मागावी, मोठ्यानं."

"ऐकू आली असती. फोनवर माझा आवाज ऐकलात ना? आमच्याकडे सगळ्यांना मोठ्यानं बोलायची सवय आहे."

"ऐकला," तो म्हणाला. "आवाज चांगला होता. बोलणं जरा..."

"जरा काय?"

"खरं होतं."

फलाटावर पांढरे हातमोजे घातलेला गार्ड एकेका गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणत होता, "सिग्नल, ठीक. दारं, ठीक."

"रोज तीच गाडी, तरी बोट दाखवतात," मी म्हटलं. "बेटावर जाणाऱ्या बोटीच्या तिकीट खिडकीत बसते मी, ती समोरच आहे. मला पाठ झालंय."

शुहेई गाडीत चढला. दारातून त्यानं गार्डसारखंच बोट पुढे केलं. "छत्री, ठीक." बोट माझ्याकडे वळलं. "होसोदासान..."

दार लागायला आलं. "होसोदासान काय?"

"भिजताहेत," तो म्हणाला, आणि दार लागलं. मी छत्री न उघडता नुसती हातात धरून उभी होते.

संध्याकाळी जेवताना मी आईला सगळं सांगितलं. तिनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत, म्हाताऱ्याला काय झेपेल ते."

"आई, तसं नाही..."

"तसंच. डॉक्टरांनी तुला आधी सांगितलं होतं. तीन आठवडे तू मला साधी गाठ म्हणत होतीस. त्या तीन आठवड्यांत मी मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचं ठरवत होते, आणि तू माझ्या बॅगेत कपडे भरत होतीस. ते दिवस आठवले की मला आजारापेक्षा त्यांचीच जास्त शरम वाटते."

याबद्दल आई कधीच बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शुहेईला फोन केला आणि खरं लिहिणार म्हणून सांगितलं.

"तुम्ही शब्द दिला होता," तो म्हणाला. आवाज इतका थंड, की मला तो ओळखू येईना.

"दिला होता. चुकलं माझं. पण चौथी डबी रिकामी गेली तर?"

"तिथेही जाईन."

"पाचवी?"

"जाईन."

"म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या पायऱ्या मोजणार," मी म्हटलं. थट्टा करायची होती, पण जमली नाही. "कार्ड आधी तुमच्याच हातात येईल ना? फाडायचं तर फाडा. पण खोटं मी लिहिणार नाही."

त्यानं फोन ठेवला.

मी लिहिलं: 'डबी रिकामी आली. गाठ इतकी सुंदर होती की आईला ती सोडवेना. कंगवा तुमचा मुलगा घेऊन आला, आणि तो आईच्या नव्या केसांत अडकला. कृपा करून कंगवे करणं थांबवू नका. आमच्या स्टेशनातला गार्ड रोज तीच गाडी बघतो, तरी सिग्नल, दारं एकेक बोट दाखवून मोठ्यानं म्हणतो. त्याला कोणी विसराळू म्हणत नाही.'

डिसेंबर गेला. नव्या वर्षाच्या शुभेच्छांचा गठ्ठा मी दोनदा चाळला. किसोहून एकही पत्र नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम मी हिसकावून घेतलं असं वाटून मन खात राहायचं. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. खिडकीत बसून मी बेटावर जाणाऱ्यांना तिकिटं द्यायचे आणि दर गाडीला गार्डचा आवाज आला की मान वर करायचे. एका दुपारच्या ओळखीवर माणूस इतका जीव लावतो का? मी लावला होता.

फेब्रुवारीत, उंबऱ्याशेजारचं प्लमचं झाड फुललं त्या आठवड्यात, दारात पुन्हा कोणीतरी धापा टाकत होतं. या वेळी सूट नव्हता. निळी कामाची बंडी होती, बाहीला लाकडाचा भुसा.

"दोनशे सतराच आहेत," शुहेई म्हणाला.

मी बाजूला झाले. तो उंबऱ्यावर टेकला, आणि मीही, मध्ये हातभर जागा सोडून.

"आठ दिवस कार्ड खिशात होतं," तो सांगू लागला. "दोनदा फाडायला काढलं. नवव्या दिवशी बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला. विचारलं, किती? मी म्हटलं, तीन. मग दोन महिने... त्यांनी कारखान्यात पाऊल ठेवलं नाही. मला तुमचा फार राग आला होता, होसोदासान."

"असणारच."

"गेल्या आठवड्यात सकाळी करवतीचा आवाज आला. खाली गेलो तर म्हणाले, बस समोर. बोट तुझं, दोरी माझी. आता रोज समोरासमोर बसून डब्या भरतो आम्ही. मोठ्यानं म्हणतो, कंगवा आहे, दोरी आहे. शेजारी हसतात." तोही हसला, मग त्याचं हसू विरलं. "परवा सकाळी त्यांनी माझ्याकडेच बोट केलं. म्हणाले, शुहेई, आहे. थट्टेत म्हणाले. पण एक दिवस... ती थट्टा नसेल."

मी मधल्या हातभर जागेत हात ठेवला. थोड्या वेळानं त्यानं त्याचा ठेवला, शेजारी.

मग त्यानं थैलीतून डबी काढली. तीच जांभळी दोरी, तीच गाठ. "हा तुमच्यासाठी. बाबांनी केलाय. कार्ड भिंतीवर आहे, मधोमध."

"आधी उघडून बघ गं," आतून आईचा आवाज आला. "या घराण्याचा भरवसा नाही."

मी गाठ सोडली. कागदाची घडी, तिच्या आत दुसरी घडी. शुहेईनं बोट पुढे केलं.

"दोरी, आहे. कार्ड, आहे." घडी उलगडली. मधाच्या रंगाचा छोटा कंगवा होता. "कंगवा... आहे."

बोट तसंच हवेत राहिलं. ते त्यानं हळूहळू माझ्याकडे वळवलं. त्या दिवशी दार लागलं होतं. आज दार उघडं होतं, आणि पाच तासांच्या परतीच्या वाटेची कुठलीच गाडी त्याला लगेच गाठायची नव्हती.

"होसोदासान..."

"सायो," मी म्हटलं.

त्यानं श्वास घेतला. कान लाल झाले होते. "सायो..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला म्हणता येईना.

"आहे," मी म्हटलं, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.