दाजीपूरमार्गे परत

पडद्यावर पुन्हा तेच उत्तर आलं : ‘योग्य मार्ग उपलब्ध नाही.’

यशोधन मोहितेने वैतागून खुर्ची मागे ढकलली. ‘सहवाट’ कंपनीच्या मार्गशाळेत तो प्रमुख आखणीकार होता. त्याने आखून दिलेल्या सहलीवरून कुणी जोडपं रुसून परत आलं, असं आजवर झालं नव्हतं. आणि आता स्वतःच्या बायकोबरोबर आठवडाभर गाडीने फिरायचं म्हटलं तर यंत्र हात वर करत होतं. मागणी तरी काही जगावेगळी होती का? थोडं शहर, थोडा समुद्र, थोडं जंगल. कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायचं, तांबडा-पांढरा ओरपायचा. मालवणच्या बाजूला एखाद्या शांत किनाऱ्यावर पाय पसरायचे. आणि दाजीपूरच्या अभयारण्यात जीपमधून गवे बघायचे. हे सगळं एकमेकांच्या इतकं जवळ, की नकाशा न बघताही कुणी वाट सांगितली असती.

“काय हो मोहिते, स्वतःचीच गाडी अडकली वाटतं?” डॉ. रुख्साना मुजावर दारात उभ्या होत्या. मूळच्या मिरजेच्या, बोलायला फटकळ, आणि ज्या तंत्रावर ही सगळी कंपनी उभी होती त्या प्रतिमनाच्या जनक.

“तुमचं यंत्र बिघडलंय, मॅडम.”

“यंत्राला काही धाड भरलेली नाही.” त्या त्याच्याशेजारी येऊन बसल्या. “तुम्ही आणि केतकी मागच्या आठवड्यात डोक्यावर टोप घालून बसलात, हो की नाही? त्या दुपारी तुमच्या दोघांच्या मनाचा ठसा घेतला. स्वभाव, सवयी, रागलोभ, आठवणी, सगळ्यांसकट. ती तुमची प्रतिमनं. मी त्यांना आभासी गाडीत बसवते आणि सोडून देते. ऊन खरं, भूक खरी, घाटातली वळणं खरी. एकदा कोल्हापूर आधी, एकदा समुद्र आधी, एकदा जंगल आधी. ज्या फेरीतून दोघं एकमेकांच्या जास्तीत जास्त जवळ येऊन परततात, ती फेरी गिऱ्हाइकाला द्यायची. हे मी तुम्हाला काय सांगतेय, तुम्ही रोज तेच करता.”

“मग मार्ग का मिळत नाही?”

“दोनच कारणांनी मिळत नाही. एक, रस्ता बंद असला तर. किंवा दोघं एकत्र परत येत नसली तर.”

यशोधनने खुर्ची परत पुढे ओढली. “मला फेऱ्या ऐकायच्या आहेत,” तो म्हणाला.

“नाही. गाडीतलं बोलणं कुणी ऐकायचं नाही, हा इथला पहिला नियम आहे, आणि तो मी उगाच केलेला नाही. प्रतिमनातल्या आठवणी आपल्याला बाहेरून वाचता येत नाहीत. प्रतिमन आपणहून बोललं तरच त्या कळतात, आणि ते बोलतं फक्त आपल्या माणसाशी. ते चोरून ऐकणं म्हणजे कुलूप न तोडता घर लुटणं.” मग जरा सौम्य आवाजात त्या म्हणाल्या, “दुसरंही एक आहे. यंत्रात बसलेला यशोधन मागच्या आठवड्यातला आहे, काहीच न ऐकलेला. तुम्ही ऐकलंत की तुम्ही तो राहणार नाही. मग त्याला सापडलेला रस्ता तुमच्या काही कामाचा नाही.”

“एवढ्यातेवढ्याने माणूस बदलत नाही हो, मॅडम.”

“बदलतो. तेवढ्यानेच बदलतो.”

त्या जेवायला गेल्या. यशोधनने डबा उघडलाच नाही. प्रमुख आखणीकार म्हणून नोंदखोलीची किल्ली त्याच्याकडे होती, आणि बायको सोडून चालली असावी असं ज्याला वाटतंय तो माणूस नियम किती वेळ पाळणार? त्याने कानाला श्रवणी लावली आणि पहिली फेरी चालू केली.

पहिल्या फेरीत केतकी कोल्हापुरातच बोलली. भांडण नाही, आदळआपट नाही. न्याहरी झाल्यावर कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला आणि ती म्हणाली, “यशो, मला यापुढे तुझ्याबरोबर राहायचं नाहीये.” दुसऱ्या फेरीत ती समुद्रावर बोलली. तिसरीत फोंड्याच्या घाटात, गाडी बाजूला घ्यायला लावून. यशोधन मधलं पुढे सारत एकामागून एक फेऱ्या ऐकत गेला. त्याने हॉटेलं बदलली, गाडी बदलली, एका फेरीत तर तिच्या आवडीचं गाणं ठेवून बघितलं. वाक्य तेच. ती सहलीला निघाली होती तीच मुळी हे वाक्य नीट सांगता यावं म्हणून. घरात ते सांगायला तिला जागा नव्हती. घरात यशोधन सतत काहीतरी निस्तरत असायचा.

ही निस्तरण्याची त्याची खोड जुनी. केतकी भूलतज्ज्ञ होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या टेबलावरचा एक पेशंट शुद्धीवर आलाच नाही. चौकशी बसली. त्या दिवसांत यशोधनने काय केलं नाही? वकील शोधला, तिची रजा टाकली, फोन स्वतःकडे घेतला, भेटायला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावलं. तिचा दोष नाही असा निकाल लागला त्या संध्याकाळी त्याने सोसायटीत घरोघर पेढे वाटले. तिलाही एक भरवला. तिने तो तोंडात तसाच धरून ठेवला होता आणि पुढे बेसिनमध्ये थुंकला होता. ते त्याने पाहिलं होतं, पण दमली असेल, म्हणून सोडून दिलं होतं.

त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत काय झालं, हे मात्र त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं. निकाल लागल्यावर विचारायचं काय, असं त्याला वाटलं होतं.

मग त्याने नव्याने सोडलेली एक फेरी निराळी निघाली.

तीत वाट उलटी होती : समुद्र आधी, मग घाट चढून दाजीपूर, आणि शेवटी कोल्हापूर. जंगलात एक गवी वासरू घेऊन वाटेत उभी राहिली. वाटाड्याने जीपचं इंजिन बंद केलं आणि हलू नका म्हणून दबक्या आवाजात बजावलं. गवी जाईना. फोनला रेंज नाही, पुढचं हॉटेल कळवता येत नाही, करण्यासारखं काहीच नाही. बराच वेळ नुसता पानांचा आवाज येत राहिला. मग यंत्रातला यशोधन कंटाळून, भुकेला होऊन, अगदी उगाचच पुटपुटला, “केतकी, त्या दिवशी तू जेवली होतीस का गं? तुझा डबा तसाच परत आला होता.”

केतकी रडायला लागली, आणि रडता रडता सांगत गेली. दोन पाळ्या सलग झाल्या होत्या. पेशंटला श्वास देणाऱ्या यंत्राची धोक्याची घंटा सकाळपासून खोटीच वाजत होती, म्हणून तिने ती बंद करून टाकली. नळी निसटली तेव्हा घंटा वाजली नाही. लक्षात आल्यावर तिने नळी बसवली आणि घंटाही पुन्हा चालू केली. हे चौकशीत कुणाला कळलं नाही. “तू पेढा भरवलास ना, यशो, तेव्हा मला वाटलं, मी त्या माणसाच्या तेराव्याचं जेवतेय.”

यंत्रातल्या यशोधनने तिला काही सुचवलं नाही, वकील नाही, तोडगा नाही. तो फक्त म्हणाला, “अगं, मग तू एकटीनेच सगळं...” ती दोघं एकत्र परत आली.

यशोधन श्रवणी काढून रडला. मग, स्वभावच तो, डोळे पुसून कामाला लागला. वाट सापडली होती. समुद्र, जंगल, शहर. तोच दिवस, तीच जीप, तोच प्रश्न. गवी नाही आली तरी जीप कुठेतरी थांबवता येईल.

“नाही जमणार,” त्याने ही आखणी सांगितल्यावर डॉ. मुजावर म्हणाल्या. त्याचा चेहरा बघूनच त्यांनी काय ते ओळखलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत, आणि ते त्याला जास्त लागलं. “तो प्रश्न त्याने विचारला, कारण त्याला त्याचं उत्तर माहीत नव्हतं.”

“शब्द तर तेच आहेत.”

“मग बसा. टोप घाला. आजचं प्रतिमन काढू आणि तुमच्याच वाटेने सोडू. बोलणं ऐकून तुमच्या हाती काय येतं, ते तरी कळेल तुम्हाला.”

नव्या प्रतिमनाची गाडी निघाली. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंतच केतकी दोनदा म्हणाली, “असा का बघतोयस?” दाजीपूरला गवी आली, जीप थांबली, पानांचा आवाज आला. आजच्या यशोधनने बरोबर तेवढाच वेळ जाऊ दिला आणि विचारलं, “केतकी, त्या दिवशी तू जेवली होतीस का गं?”

ती लगेच म्हणाली, “तू आत्ता माझ्याकडे बघतोयस ना, तशी मी टेबलावरच्या पेशंटच्या श्वासाकडे बघते, यशो. आता काय होईल म्हणून. कुणी सांगितलं तुला हे विचारायला?” तिथेच, जीपमध्ये, वाटाड्यासमोर तिने ते वाक्य उच्चारलं.

बाकीच्या फेऱ्या त्याने ऐकल्या नाहीत. मुजावरबाईंनी नुसते आकडे बघून मान हलवली.

“मी तिला खरं सांगून टाकलं तर?” त्याने विचारलं. “ती फेरी करून बघू.”

“करता येईल. पण त्या फेरीचा निकाल कळलेला माणूस पुन्हा निराळाच, आणि त्याची फेरी आपण केलेली नसेल. मोहिते, तुम्ही कितीही वेळा वाकून बघा, घरी जाणारा माणूस यंत्रातल्या माणसाच्या नेहमी एक पाऊल पुढेच असणार.” त्या उठल्या. “जा घरी. न आखता जा.”

तो घरी पोहोचला तेव्हा उन्हं कलली होती. केतकी पलंगावर मोठी बॅग उघडून भरत होती. दोघांची मिळून एकच बॅग, नेहमीसारखी. त्याचे सदरे खाली, तिचे कुडते वर.

“निघाली का वाट?” तिने विचारलं. “समुद्र आधी की जंगल?”

‘डबा’ हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. तो त्याने गिळला. आयुष्यात पहिल्यांदा पुढचं काहीही ठरवलेलं नसताना तो बोलायला लागला, आणि त्याने सगळं सांगितलं. फेऱ्या, तिचं वाक्य, जीप, गवी. सांगताना त्याला लाज वाटत होती, पण तो थांबला नाही.

केतकी हातातला टॉवेल घडी करत राहिली. घडी झालेलीच होती.

“म्हणजे मला जायचंय, हे तुला ठाऊक आहे.”

“हो.”

“आणि त्या जीपमध्ये मी काय सांगितलं?”

“केतकी...”

“काय सांगितलं मी?”

“घंटेचं,” तो म्हणाला.

ती पलंगाच्या कडेवर बसली. “आईला नाही सांगितलं मी,” ती हळू म्हणाली. “कुणालाच नाही. दोन वर्षं वाट बघत होते, तू एकदा तरी विचारशील. सहलीला हो म्हटलं तेव्हासुद्धा मनात कुठेतरी होतं, की आधी त्याला एक संधी देऊ. तिथे तरी विचारेल.”

“आता विचारतो ना गं. आता सांग.”

“आता काय सांगू?” तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “माझ्याकडे तुला देण्यासारखं तेवढंच होतं. ते तू घेऊन बसलास. मी द्यायच्या आधी.”

माफी यशोधनने मागितली, दोनदा मागितली. तिने मान डोलावली, दोन्ही वेळा.

“ती दोघं,” थोड्या वेळाने तिने विचारलं, “परत आलेली. त्यांचं पुढे काय होतं?”

“पुढे?”

“घरी आल्यावर. ती तुरुंगात जाते का? तो थांबतो का तिच्यासाठी? ती पुन्हा नीट झोपते का?”

“पुढचं नसतं,” तो म्हणाला. “गाडी दारात आली की फेरी थांबते. आमचं काम सहलीपुरतं.”

केतकीने खोलीवरून एक नजर फिरवली, कुणी आत यायचं असेल तर त्यांना जागा आहे का ते बघावं तशी.

“म्हणजे घरात कुणीच येत नाही,” ती म्हणाली.

मग तिने बॅगेतून वरचे आपले कुडते एकेक करून बाहेर काढले आणि वेगळ्या पिशवीत भरले. त्याचे सदरे तिने विस्कटू दिले नाहीत.