झोटवाड्याचा अर्धा लेख

काकूंचा डबा परत द्यायला खाली गेले आणि नको ती जबाबदारी अंगावर घेऊन वर आले. माझा स्वभावच तसा. नोकरीसाठी जयपूरला आले तेव्हापासून मी मानसरोवर भागात प्रतिमाकाकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. काकू साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान, सुभेदार उत्तमराव, फौजेतून निवृत्त होऊन इथेच राहिले. बदलीच्या एकेका गावाबद्दल मराठीत लिहून ते स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचे. ते गेले, साइटची मुदत संपली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि साइट सांभाळणाऱ्या कंपनीने सगळं पुसून टाकलं. बॅकअप नव्हताच.

"इंटरनेटवरून काही जात नसतं, काकू," मी फुशारकी मारली. "सगळं काढून देते."

बरंचसं काढलंही. जुन्या वेबसाइटच्या प्रती जपून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर आहे, तिथे काही लेख सापडले. काही उत्तमरावांच्या फौजी मित्रांच्या ईमेलमध्ये पडून होते. काकूंना मोतीबिंदू, म्हणून सुट्टीच्या दुपारी मी वाचायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या.

त्यांना हवा होता तो जयपूरच्याच झोटवाड्याचा लेख. लग्नानंतरचं पहिलं घर तिथलं. लेख मिळाला, पण अर्धाच. उन्हाळ्याच्या वर्णनात मध्येच वाक्य तुटलेलं. मी जंग जंग पछाडलं. काकू दर वेळी विचारायच्या, आणि नाही म्हणायची मला लाज वाटू लागली. शेवटी तो मीच पुरा केला. उत्तमरावांची ढब एव्हाना माझ्या हातात बसली होती. त्यांना तऱ्हेवाईक माणसांबद्दल लिहायला आवडे, म्हणून मी एक बाई रचली. ऐन मे महिन्यात पुरुषी स्वेटर घालून दुपारी दाराशी येणारी. काही मागायची नाही. "सब सो गए क्या?" एवढंच विचारायची.

रविवारी वाचायला बसले. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला. पडदे ओढलेले, कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. मी त्या बाईपाशी पोचले आणि काकूंनी डोळे उघडले.

"हे... ह्यांनी लिहिलंय?"

"हो," मी म्हणाले.

त्या अगदी हळू म्हणाल्या, "मतलब, त्यांनाही दिसत होती."

काकू तुटक तुटक सांगत राहिल्या. झोटवाड्यात ती रोज दुपारी यायची. उत्तमरावांना सांगितलं तर ते म्हणाले, कुणी नाहीये, ऊन लागलंय तुला. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. बाई येतच राहिली, बदली होईल त्या गावी, आणि पुढे ह्या घरीही. काकूंनी सांगणं सोडून दिलं. मुलगी झाली तेव्हा तिला आईपाशी एकटी ठेवायची कुणाची छाती झाली नाही. ती साताऱ्याला आजीकडे वाढली, आणि आजही काकूंशी परक्यासारखी बोलते.

"त्यांना दिसत होती... आणि मला वेडी ठरवलं."

त्यांनी भिंतीवरचा उत्तमरावांचा फोटो उतरवला आणि कपाटात पालथा घातला. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तशीच उठून वर गेले. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी खोटं घातलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. भीती लाजेच्या मागून आली. ती बाई मला कुणी सांगितली नव्हती. मग मी ती आणली कुठून?

दोन दिवस मी खाली पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिस बुडवून गेले आणि सगळं कबूल केलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. कपाटातून फोटो काढला, पदराने पुसला, परत टांगला. "चुकलं हो माझं," त्या फोटोला म्हणाल्या. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला आणि घर एकदम मुकं झालं. काकू माझ्या शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला.

"हर्षाली, लिहिताना दिसली असेल ना तुला... दाराबाहेर होती, की आत?"

दाराशी, असं मी लिहिलं होतं. तेच सांगायला तोंड उघडलं. पण लिहिताना मला तिची पाठ दिसली होती, आणि तिच्यापुढे बंद दार, आतून कडी घातलेलं. दार माझ्याच खोलीचं होतं. हे मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

"आत..."

काकूंनी माझा हात सोडला.

"माझ्याकडे ती कधी उंबरा ओलांडून आली नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू लिहिलंस तेव्हापासून... आलेलीच नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. ती सुटका मला दिसली हे त्यांना कळलं, आणि त्यांनी शरमेने मान खाली घातली.